मागच्या खोलीची भिंत: घर तपासणीआधीच्या नोंदी

६ सप्टेंबर, रविवार

विकायला काढलेलं घर बघून गेलेल्या कुटुंबाचा निरोप आला. घर पसंत आहे, पण आकडा पक्का करण्याआधी त्यांचा तपासनीस येऊन सगळं बघणार. तारीख १७ ऑक्टोबर, शनिवार. म्हणजे हातात सहा आठवडे.

दादाचा लगेच फोन. "एक हात रंग मारून घे, नळांना वॉशर टाक, झालं." दादा स्वतः येणार शनिवार-रविवार, तोही जमेल तसा. त्यामुळे कामं माझी आणि सूचना त्याच्या, ही वाटणी पहिल्या दिवशीच ठरली.

वही घेऊन घरभर फिरले. आधी बाहेरून, मग आतून, आणि वरून खाली, कारण पाणीही त्याच वाटेने येतं. एक पथ्य पाळलं: आपल्याला माहीत असलेलं लिहायचं नाही, डोळ्यांना दिसतंय ते लिहायचं. मधल्या खोलीची खिडकी जरा उचलून लावली की लागते, हे मला माहीत आहे. नव्या माणसासाठी ती बिघडलेली खिडकी. असं करत ४७ बाबी झाल्या. त्यांचे तीन गट पाडले: जिवाला धोका, पाणी, दिसणं. काम याच क्रमाने करायचं. दादाची यादी नेमकी उलटी आहे.

मधल्या खिडकीच्या वर तिरकी भेग आहे, केसापेक्षा थोडी जाड. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी आजची तारीख लिहिली. भेग जुनी आहे की अजून चालतेय, हे विचारायला दुसरी सोपी युक्ती नाही.

आणि मागची खोली. कपाट ओढून बघितलं आणि वाटलं, ओढलं नसतं तर बरं झालं असतं. जमिनीपासून मांडीइतक्या उंचीपर्यंत रंगाला फोड आलेत. एका फोडावर अंगठा दाबला तर आत पोकळ, आणि बटर पेपरसारखा पापुद्रा हातात आला. त्याच्या मागे गिलाव्यावर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, कापसासारखा मऊ, फुंकर मारली की उडणारा. दोन वर्षांपूर्वी याच भिंतीला ओलीवरचा खास रंग लावला होता. तोच आता अखंड सालीसारखा सुटतोय.

७ सप्टेंबर

गच्ची. पाणी जायची दोन तोंडं, त्यातलं एक पानं आणि गाळाने निम्मं बुजलेलं. हाताने साफ केलं, वर जाळी बसवली. मग सहा बादल्या ओतून बघितल्या. एका कोपऱ्यात तळहाताएवढं डबकं राहिलं, बाकी सगळं वाहून गेलं. कठड्याच्या माथ्यावरच्या दोन भेगा भरायला हव्यात. मागच्या खोलीच्या छतावर मात्र डाग नाही. म्हणजे ती ओल वरून येत नसावी. 'नसावी' असंच लिहिते आहे.

९ सप्टेंबर

आज वायरमन आला. मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण त्याने मला दाबायला सांगितलं. दाबलं. काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं, तरी काही नाही.

हे यंत्र आत जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करतं. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी वीज गळतेय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जातेय, की झटक्यात पुरवठा तोडतं. बटण दाबलं की मुद्दाम तेवढी गळती घडवली जाते, आणि यंत्र पडलंच पाहिजे. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही की आतली यंत्रणा अडकून बसते. आमच्याकडे ती किती वर्षं अडकलेली होती कोण जाणे. आम्ही आपले ओल्या हाताने बटणं दाबत होतो.

नवं बसवलं. बटण दाबल्यावर खट्ट करून पडलं तेव्हा घरभर अंधार, आणि मला कधी नव्हे तो अंधार बघून आनंद.

तीन दिव्यांचा टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये घालून बघितला. दोन ठिकाणी अर्थिंग नाही, एका ठिकाणी फेज-न्यूट्रल उलटे. दुरुस्त. बोर्डावर कुठला एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) कुठल्या खोलीचा, ते कागदावर लिहून चिकटवलं. गीझर: अर्थिंग ठीक, पाणी तापतं, टिकमार्क.

दादाला फोनवर सांगितलं. "इतकी वर्षं काही झालं नाही ना?" म्हणाला. मी फोन ठेवला.

१२ सप्टेंबर, शनिवार

बारीकसारीक कामांचा दिवस. सुटे झालेले बिजागरीचे स्क्रू: भोकात काडीपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या, वाळल्यावर त्यातच स्क्रू पिळले. तीन दारं अशी सरळ झाली. सुतार बोलावला असता तर त्यानेही हेच केलं असतं. संडासाचं भांडं बसलं की डुलायचं, त्याचे बोल्ट आवळले. नुसतं आवळून भागलं नसतं, खालच्या फटीतून पाणी मुरतंय का ते आधी बघावं लागतं. मुरत नव्हतं.

रात्री मुख्य प्रयोग. गच्चीवरच्या टाकीत येणारा नळ बंद केला, पाण्याच्या पातळीवर आतून खूण केली, आणि सगळ्यांना रात्रभर नळ न उघडण्याची तंबी दिली. 'सगळे' म्हणजे मी आणि आई.

१३ सप्टेंबर, रविवार

सकाळी पातळी ४ सेंटिमीटर खाली. टाकीचा व्यास साधारण १ मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला जवळपास ८ लिटर. रात्रीत ३० लिटरच्या वर पाणी कुठेतरी गेलं. भिंतीतला पाइप फुटला असणार, असं म्हणून पोटात गोळा आला.

भिंत फोडण्याआधी स्वस्तातला संशयित तपासला. फ्लशच्या टाकीत गडद रंगाचे चार थेंब टाकले आणि अर्धा तास कोणी फ्लश ओढायचा नाही असं ठरवलं. वीस मिनिटांत भांड्यात निळी धार. टाकीच्या तळाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. बदललं. रात्री टाकीचा प्रयोग पुन्हा.

१४ सप्टेंबर

पातळी खुणेवरच. केसभरही हललेली नाही. म्हणजे पुरवठ्याच्या पाइपातून गळती नाही, आणि मागच्या भिंतीचा एक संशयित सुटला. सांडपाण्याचा पाइप त्या बाजूने जातच नाही. गच्ची सुटली, पाइप सुटला. उरलं काय? एकतर खोलीतल्या हवेतलं बाष्प थंड भिंतीवर जमतंय, नाहीतर भिंत स्वतः कुठून तरी पाणी पितेय.

यासाठी प्लास्टिकचे दोन चौकोन कापले, हातभर लांबी-रुंदीचे. एक ओलीच्या पट्ट्यात आणि एक वर कोरड्या भागात, चारी कडांना चिकटपट्टी लावून घट्ट चिकटवले. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ते हवेतलं. भिंतीकडच्या बाजूला आलं तर ते भिंतीतलं.

१६ सप्टेंबर

दोन दिवसांनी काढले. वरचा दोन्ही बाजूंनी कोरडा. खालच्याच्या आतल्या अंगाला मोठमोठे थेंब, ओघळून तळाशी साचलेले. बाहेरचं अंग ठणठणीत कोरडं.

भिंत पाणी पितेय.

१९ सप्टेंबर, शनिवार

गवंडीकाका आले. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. मी पूर्ण तपासकथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, मग आत न येता घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले आणि भिंतीपाशी उकिडवे बसले.

"ताई, आत किती बघाल? भिंत बाहेरून बघा."

त्यांनी टेप काढून दाराच्या उंबऱ्यापासून मापं घेतली. आतली फरशी अंगणापेक्षा जेमतेम ४ सेंटिमीटर उंच. समोरच्या बाजूला हाच फरक ३० सेंटिमीटरच्या वर आहे. मग छिन्नी लावून भिंतीलगत वीतभर खड्डा पाडला. वर सिमेंटचे ब्लॉक. त्याखाली वाळू. त्याखाली कोबा. त्याखाली मुरूम, आणि त्याखाली मूळची शहाबादी फरशी. केकचा तुकडा कापावा तसे थर दिसत होते. आणि कोब्याच्या पातळीला, मातीत पूर्ण गाडलेली, भिंतीतून जाणारी एक काळपट आडवी रेघ.

"ही तुमची डीपीसी," काका म्हणाले.

विटांची भिंत जमिनीतलं पाणी वात तेल ओढते तशी वर ओढते. ते थांबवायला जोत्याच्या वर ओलावारोधक थर, म्हणजे हीच डीपीसी, घालतात, आणि तो बाहेरच्या जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर असावा लागतो. आमचा थर शाबूत आहे. त्याचं काम तो चोख करतोय. फक्त अंगण त्याच्या डोक्यावरून गेलंय, त्यामुळे त्याच्या वरच्या विटा थेट ओल्या मातीला टेकल्यात. रखवालदार फाटकावर उभा आहे आणि चोर कुंपणावरून उडी मारून जातोय.

आणि आम्ही दोन वर्षांपूर्वी आतून महागडा रंग लावून काय केलं, तर चोराची बाहेर पडायची वाट बंद केली.

२० सप्टेंबर, रविवार

आईला विचारलं, ही ओल कधीपासूनची. "पहिली पाच-सहा वर्षं तिथे काही नव्हतं. तिथे तर तुझा पाळणा असायचा." मग थरांचा इतिहास निघाला. फरशी खचून पाणी साचायला लागलं म्हणून बाबांनी मुरूम टाकून त्यावर कोबा करून घेतला. कोब्याला तडे गेले, पुन्हा डबकी झाली, म्हणून ब्लॉक बसवले. ब्लॉक मी बसवून घेतले, हे आईने मुद्दाम सांगितलं. जुनं उखडायचं आहे का, असं तेव्हाच्या माणसाने विचारलं होतं. मीच म्हटलं होतं, कशाला खर्च, वरूनच बसवा.

दर वेळी पाणी साचू नये म्हणूनच केलेलं काम.

२३ ते २६ सप्टेंबर

भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा पूर्ण लांबीभर उखडला. ब्लॉक, वाळू, कोबा, मुरूम, शहाबादी. काका आणि त्यांचा मदतनीस, चार दिवस. राडारोडा अपेक्षेच्या दुप्पट निघाला. तो न्यायला माणूस मिळायलाच एक दिवस गेला. डीपीसीच्या खाली २० सेंटिमीटरपर्यंत गेलो. तळाला भिंतीपासून दूर उतार, टोकाला निचऱ्याची नाली, वरून जाड खडी. खडीचा माथा डीपीसीपासून १५ सेंटिमीटर खाली राहील असा. उरलेल्या अंगणाचं पाणी या पट्ट्यात येऊ नये म्हणून कडेला बारीक वळण काढून ते दुसरीकडे फिरवलं. हे काकांचं डोकं. माझ्या ध्यानातही आलं नसतं.

आतून गिलावा फोडला, ओलीच्या रेघेच्या वर अजून हातभर, म्हणजे जमिनीपासून मीटरभराच्या थोडं वर. लोणा लागलेला गिलावा ठेवून चालत नाही. त्यातले क्षार हवेतलाच ओलावा ओढून घेतात, आणि भिंत वाळली तरी गिलावा ओलाच दिसत राहतो. आतल्या विटा खाली गडद तांबड्या, वर फिकट. मधली सीमारेषा कोणी रंगाने आखावी इतकी स्पष्ट.

२७ सप्टेंबर, रविवार

दादा आला. मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

"हे असं दाखवणार तू त्यांना?"

"वाळायला वेळ लागेल."

"किती?"

काकांचा ठोकताळा सांगितला: इंचभर जाडीला महिना. भिंत नऊ इंची. दोन्ही बाजूंनी वाळते म्हणून निम्मे धरले तरी चार-पाच महिने. तपासणी तीन आठवड्यांवर.

मग आमचं वाजलं. दादाचं म्हणणं असं: कारण दूर केलंय ना? मग गिलावा करून रंग द्या, खोटं कुठे आहे त्यात? म्हणणं अगदीच चुकीचं नाही, म्हणून तर जास्त राग आला. मी म्हटलं, ओल्या विटांवर आत्ता गिलावा केला तर ती ओल गिलाव्यात येईल, वर रंग दिला की पुन्हा फोड. त्यांच्या पहिल्याच पावसाळ्यात. आणि तपासनिसाचा विचार कर. अख्ख्या घराचा रंग दहा वर्षांचा आणि एकच भिंत कोरी करकरीत. तो पहिला हात तिथेच लावणार. मग तो भिंतच नाही, आपलं प्रत्येक वाक्य ठोकून बघेल.

"उघडी भिंत बघून पळून गेले तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आई आतून म्हणाली, "पळून जाणारे ओल बघून आत्ता जातील, नाहीतर लोणा बघून नंतर कोर्टात जातील." तिने आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही, पण दादा गप्प बसला.

३ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. भिंत उघडीच ठेवायची. मात्र नुसती उघडी नाही. एक फाइल केली. त्यात खड्ड्यातल्या थरांचे फोटो, शेजारी टेप धरून. डीपीसीचा फोटो, आधीचा आणि नंतरचा. प्लास्टिकवरच्या थेंबांचा फोटो, तोही आहे सुदैवाने. काकांच्या हातचं कामाचं टिपण. आणि दर शनिवारचे ओलाव्याचे आकडे.

आकड्यांसाठी दोन टोच्यांचं मीटर आणलं. ते मुळात लाकडासाठी असतं. विटेवर त्याचा आकडा म्हणजे ओलाव्याचे खरे टक्के नव्हेत, आणि क्षार असले तर ते फसतंही. पण त्याच जागी, तेवढंच खोल, दर आठवड्याला टोचलं तर उतरण कळते. तीन जागा ठरवून खडूने गोल केले. आजचे आकडे: फरशीपासून १० सेंमीवर ४४, ४० सेंमीवर ३६, ७० सेंमीवर २१.

८ ऑक्टोबर

खिडकीवरची भेग: पेन्सिलच्या खुणेपलीकडे गेलेली नाही. बुजवणार नाही, खुणा आणि तारखांसकट राहू दे.

ओट्याच्या आणि बाथरूमच्या कडांचं काळं पडलेलं सिलिकॉन खरवडून नवं भरलं. जुन्यावरच नवं भरता येत नाही, चिकटतच नाही ते. दोन तास खरवडण्यात, दहा मिनिटं भरण्यात.

१० ऑक्टोबर, शनिवार

भिंत: ३९, ३०, १८.

११ ऑक्टोबर, रविवार

वाट मोकळी करण्याचा दिवस. तपासनीस कोणाचं सामान हलवत नाही. जिथे पोचता आलं नाही तिथे 'तपासता आले नाही' असं लिहून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्याला ते 'काहीतरी लपवलंय' असं वाचता येतं. म्हणून मुख्य बोर्डासमोरचं रॅक हलवलं, सिंकखालच्या पिशव्या काढल्या, माळ्याच्या झडपेखालची पेटी बाजूला घेतली, सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या.

माळ्यावर बाबांचा डबा सापडला. वॉशर, निरनिराळ्या मापांचे, तारेत ओवलेले, प्रत्येक तारेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर कुठल्या नळाचा ते त्यांच्या अक्षरात. त्यातले चार नळ आता घरात नाहीतच. डबा आईने मांडीवर घेतला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. ते काम तिथेच थांबलं.

एक किल्ली उरली, तिचं कुलूप कुठेच नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

तपासनीस बरोबर नऊला. हातात विजेरी, टेस्टर, लेव्हल, खांद्यावर घडीची शिडी. घेणारे पती-पत्नी आणि त्यांची शाळकरी मुलगीही आली. दादा आदल्या रात्रीच आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू तपासणी त्याचीच आहे.

साडेतीन तास. आधी घराभोवती दोन फेऱ्या, नुसतं बघत. मग गच्ची, मग आत. सगळे नळ एकदम सोडून धार किती बारीक होते ते बघितलं. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं आणि स्वतः खाली वाकून सांध्यांवर विजेरी धरली, कारण चार थेंबांना न गळणारा सांधा भरल्या पाण्याच्या वजनाला गळतो. आरसीसीबीचं बटण दाबलं. खट्ट. मी उगाच इकडेतिकडे बघितलं, कोणी कौतुक करतंय का.

मागची खोली. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी भिंत ठोकली, मीटर टोचलं (आमच्याच खडूच्या गोलांत), बाहेर जाऊन खडीचा पट्टा बघितला, टेप लावला. मग परत येऊन फाइल उघडली. थरांच्या फोटोवर थांबले. "हा फोटो मला द्याल का? लोकांना समजावताना उपयोगी पडेल." दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे बघितलं नाही.

त्यानंतर बाथरूम. तिथे ते गीझरखाली उभे राहिले, मान वर करून, बराच वेळ.

"ताई, हे कोणी लावलं?"

गीझरच्या सुरक्षा झडपेची बारीक नळी. तिच्या तोंडाला डमी, म्हणजे न वापरलेल्या नळाच्या तोंडावर पिळतात तो तुकडा, वर पांढरा टेप गुंडाळून घट्ट.

मी लावलं होतं. सहा-सात वर्षं झाली असतील. ती नळी ठिबकायची, खाली फरशीवर पिवळट डाग पडायचा, म्हणून एका दुपारी डमी आणून पिळून टाकली आणि विसरले. स्वतःच्या हुशारीवर खूश झाल्याचं मात्र आठवतंय.

त्यांनी गीझरचा स्विच बंद करायला सांगितला आणि त्या मुलीला समजावून सांगावं तसं आम्हाला सांगितलं. पाणी तापलं की फुगतं. साध्या तापमानापासून ६० अंशांपर्यंत साधारण दीड टक्का. पन्नास लिटरच्या टाकीत ते पाऊण लिटर होतं. आत येणाऱ्या वाटेवर एकमार्गी झडप असते, म्हणून ते मागे जाऊ शकत नाही. ते सुरक्षा झडपेतून थेंब थेंब बाहेर पडतं. तापताना ठिबकणं हे तिचं कामच आहे. ती वाट बंद केली आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की गीझर बंद करणारा भाग, तोही अडकला, तर पाणी तापतच राहतं, दाब चढतच राहतो, आणि शेवटी टाकीच फुटते. भिंत ओली असली तर माणूस आजारी पडेल, म्हणाले, पण याने माणूस उरणारच नाही.

रात्री वही उलटून ९ सप्टेंबरचं पान काढलं. 'गीझर: अर्थिंग ठीक, पाणी तापतं, टिकमार्क.' त्या दिवशी मी त्या नळीखाली उभी होते. पथ्य पाळलं होतं म्हणे, माहीत असलेलं लिहायचं नाही, दिसेल ते लिहायचं. डमी मला दिसलीच नाही.

भिंत: ३५, २५, १६.

१८ ऑक्टोबर, रविवार

डमी काढली. इतकी वर्षं बंद राहिलेल्या झडपेवर भरवसा नको म्हणून ती पूर्ण बदलली. नव्या झडपेच्या नळीला पाइप जोडून टोक जमिनीवरच्या जाळीपर्यंत उतरवलं, तोंड उघडं. तासभर तापवून बघितलं. ठिबकतेय. पावती आणि फोटो तपासनिसांना पाठवले.

दादा जाताना म्हणाला, "आणि मला रंगावरून बोलत होतीस." ऐकून घेतलं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

अहवाल आला. ३१ पानं, २२ शेरे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत गीझर, खाली 'दुरुस्तीचा पुरावा मिळाला'. मागच्या भिंतीवर तीनच ओळी: कारण सापडले आहे, दूर केले आहे, भिंत वाळत आहे, पूर्ण वाळेपर्यंत गिलावा करू नये. गच्चीच्या कठड्यावर मात्र पाऊण पान. त्या दोन भेगा भरायच्या राहूनच गेल्या होत्या.

दुपारी घेणारे पुन्हा आले. कठडा आम्ही दुरुस्त करून द्यायचा, गिलावा आणि रंग भिंत वाळल्यावर त्यांचे ते करतील, तेवढं आकड्यातून वळतं करायचं. दादाने पाच मिनिटं घासाघीस केल्यासारखं केलं, मग मान हलवली.

मुलीने विचारलं, मीटर कसं टोचायचं. दाखवलं: गोलाच्या आत, दर वेळी त्याच भोकात, जोर न लावता. आजचे आकडे तिनेच घेतले आणि फाइलमध्ये लिहिले. १० वर ३१, ४० वर २२, ७० वर १४. मीटर तिच्याकडेच दिलं. पुढचा शनिवार ३१ तारखेला. तारीख तिने आधीच लिहून ठेवली आहे, पुढे तीन रिकामे रकाने.